ॲक्वापोनिक्सच्या वाफ्यात क्रशरची खडी चालेल का? चालेल, पण आधी तिच्यातला चुना तपासा

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी वाफ्यात फिरवून त्यावर भाज्या वाढवायच्या. तुमचा प्रश्न मी असा समजलो. नाशिक जिल्ह्यात घरामागे मोकळी जागा आहे. १००० लिटरची टाकी अर्धी जमिनीत बसवली आहे आणि तिच्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि थोडे कोई (शोभेचे रंगीत कार्प) सोडायचे आहेत. टाकीला लागून विटांच्या चौथऱ्यावर ४ फूट × ३ फूट आणि फूटभर खोल असे दोन वाफे करून त्यांना शेततळ्याचा कागद लावायचा बेत आहे. पाणी बोअरचं. व्हिडिओत सगळीकडे भाजलेल्या मातीच्या गोळ्या दिसतात, त्या परवडत नाहीत. मग क्रशरची खडी, नर्सरीतले पांढरे गोटे आणि पाडलेल्या जुन्या घराच्या विटांचे तुकडे यांतलं काय घ्यावं, ते किती धुवावं, आणि असाच एक वाफा पुढे गच्चीवर होईल का?

खडी घ्या. पांढरे गोटे नकोत, पाडलेल्या घराच्या विटाही नकोत. गच्चीचा विचार सध्या बाजूला ठेवा, त्याचं कारण पुढे देतो. पण "खडी घ्या" एवढं सांगून तुमचं काम होणार नाही. एकाच तालुक्यातल्या दोन क्रशरची खडी सारखी नसते, आणि ज्या पाण्यात ती पडणार ते पाणीही सारखं नसतं. खडी स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची असणार, अशी शंका तुमच्या प्रश्नात दिसते. खरी अडचण ती नाही. खडीत चुना किती, कच (दगडाचा बारीक चुरा) किती आणि वेगवेगळ्या आकारांची भेसळ किती, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

गोळ्यांचा प्रश्न आधी मिटवू. वाफ्यातलं माध्यम तीन कामं करतं: मुळांना धरून ठेवतं, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवतं, आणि अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना राहायला पृष्ठभाग देतं. गोळ्यांची जाहिरात या तिसऱ्या कामावर चालते. एक घनमीटर गोळ्यांना साधारण २५० ते ३०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो आणि खडीला १५० ते २०० च्या आसपास, हे खरं आहे. पण तुम्हाला लागतो किती? तुमचे दोन्ही वाफे मिळून २४ चौरस फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. पालेभाज्यांसाठी एवढ्या क्षेत्राला रोज १०० ग्रॅमच्या आसपास माशांचं खाद्य पुरतं. १०० ग्रॅम खाद्यातून पावणेचार ग्रॅमच्या आसपास अमोनिया तयार होतो आणि एक चौरस मीटर पृष्ठभागावरचे जिवाणू दिवसाला अर्धा ग्रॅम अमोनिया सहज हाताळतात. म्हणजे गरज सात-आठ चौरस मीटरची. तुमच्या दोन वाफ्यांत पाऊण घनमीटरपेक्षा थोडी कमी खडी बसेल, तरी तिचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या घरात जातो. परसातल्या वाफ्यात जिवाणूंना जागा कमी पडत नाही. कमी पडतो तो प्राणवायू, आणि तोही तळाशी गाळ साचला की. त्यामुळे महाग गोळ्यांवर पैसे घालण्यापेक्षा खडी चाळण्या-धुण्यावर दोन दिवस घालवलेले जास्त कामाला येतात.

गोळ्यांचा खरा फायदा त्यांच्या हलकेपणात आहे, आणि त्या हाताला लागत नाहीत. तुमचे वाफे जमिनीवरच्या चौथऱ्यावर असल्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही. हाताला खरचटू नये म्हणून हातमोजे पुरतात.

आता चुना. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण परसातल्या ॲक्वापोनिक्समध्ये जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा मला इथेच सापडलं आहे.

ॲक्वापोनिक्सचं पाणी माशांना, झाडांना आणि जिवाणूंना, तिघांनाही चालेल अशा मधल्या पीएचवर ठेवावं लागतं. तो ६.८ ते ७ च्या आसपास असला तर उत्तम. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातला सुमारे सात ग्रॅम चुन्याइतका क्षार खर्च होतो. म्हणून नीट चालणाऱ्या वाफ्यात पीएच हळूहळू आपोआप खाली येतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. पण खडीत चुनखडीचे तुकडे असतील तर जितकं आम्ल तयार होईल तितका चुना विरघळत राहतो आणि पीएच साडेसातच्या खाली उतरतच नाही. त्यात तुमचं पाणी बोअरचं, म्हणजे क्षार आधीच भरपूर. वाफ्यातून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही रोज तेच जड पाणी भरणार. दोन्हीकडून चुना आला की पीएच आठच्या आसपास अडकून बसतो.

त्याचे परिणाम दोन. झाडांना लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक खत कमी पडलं समजून माशांना जास्त खायला घालतात आणि अमोनिया वाढवून ठेवतात. दुसरा परिणाम त्याहून वाईट. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. चाचणीच्या नळीत अमोनियाचा रंग तोच दिसतो, पण माशांवर त्याचा परिणाम दहापट होतो. बाटलीतलं आम्ल ओतून पीएच खाली आणायचा प्रयत्न करू नका. खडीत चुना असेल तर दोन दिवसांत तो परत वर येतो, आणि या चढउतारानेच मासे दगावतात.

तुमच्या भागातला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड मुळात चुनखडीचा नाही, ही आपली जमेची बाजू. पण या दगडातल्या पोकळ्यांत नंतर पांढरी खनिजं भरली गेली आहेत. नाशिक, जळगाव, पुणे भागांतल्या खाणींत निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक तुम्ही पाहिले असतील. झिओलाइट किंवा गारगोटीने काही बिघडत नाही, पण त्याच पोकळ्यांत कॅल्साइटही असतं आणि कॅल्साइट म्हणजे शुद्ध चुनखडी. शिवाय काळ्या मातीखाली आढळणारे चुनखडीचे पांढुरके कंकर खाणीच्या वरच्या थरातून खडीत येऊ शकतात. म्हणून "आमच्याकडचा दगड काळा आहे" एवढ्यावर विसंबू नका.

तपासायची रीत अशी. ढिगाऱ्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ खडी उचला. पांढरे ठिपके किंवा पांढरा पापुद्रा असलेले दगड मुद्दाम निवडा. ते धुऊन रात्रभर पाण्यात भिजवा. हे महत्त्वाचं आहे, कारण कोरड्या सच्छिद्र दगडावर नुसतं पाणी ओतलं तरी आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि लोक तोच चुना समजतात. भिजलेले दगड काचेच्या ग्लासात घेऊन वर पांढरा व्हिनेगर ओता, दगड बुडतील इतका. ग्लास कानाशी धरा आणि उजेडात बाजूने बघा. चुना असेल तर त्या पांढऱ्या ठिपक्यावरून बारीक बुडबुड्यांची सलग रेघ निघते आणि ती थांबत नाही. हवेचे बुडबुडे मोठे, तुरळक असतात आणि थोड्या वेळात संपतात. तरीही शंका राहिली तर एक दगड हातोडीने कुटून त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाका. काही प्रकारचा चुनखडक अखंड असताना फेसाळत नाही, भुकटी केली की फेसाळतो.

एखादाच दगड फेसाळला तर घाबरायचं कारण नाही. मुठीतल्या वीस दगडांत चार-पाच फेसाळले तर तो ढीग सोडा, दुसरा क्रशर बघा. मधल्या अवस्थेसाठी माझी भिस्त बादलीच्या चाचणीवर असते. स्वच्छ धुतलेली खडी अर्धी बादली घ्या आणि वर पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा. शेजारी दुसऱ्या बादलीत तेच पाणी, खडीशिवाय. दोन्ही झाकून आठवडाभर ठेवा, रोज एकदा ढवळा. मग दोन्हींचा केएच, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या चुन्यासारख्या क्षाराचं माप, मोजा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं, त्यात एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम चुना. नुसता पीएच मोजून इथे भागत नाही, कारण आरओच्या पाण्याचा पीएच जरा कशाने ढळतो आणि फसवतो. खडीच्या बादलीत केएच एक-दोन अंशांनी जास्त आला तर खडी घ्या. चार-पाच अंशांनी किंवा त्याहून जास्त आला तर नका घेऊ, तुमच्या पाण्यात तर नकाच.

"तुमच्या पाण्यात" असं मुद्दाम म्हटलं. हाच प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कोणी विचारला असता तर माझं उत्तर काहीसं वेगळं असतं. तिथल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं असतं, क्षार कमी, पीएच सातच्या खाली. तिथे थोडा चुना उपकारकच ठरतो, नाहीतर नायट्रेट होताना पीएच सहाच्याही खाली घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. पण तिथेही चुना वाफ्यातल्या दगडात असू नये. कालवांची किंवा शिंपल्यांची टरफलं जाळीच्या पिशवीत भरून टाकीत लोंबकळत ठेवावीत. पीएच हवा तिथे आला की पिशवी काढता येते, वाफा काढता येत नाही. आणि चंद्रपूर किंवा यवतमाळच्या वणी भागात राहणाऱ्यांनी व्हिनेगरची चाचणी केल्याशिवाय एक घमेलंही घेऊ नये. तिथे चुनखडकाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने त्यांच्यावरच चालतात.

आता आकार. तुम्हाला १२ ते २० मिलिमीटरची खडी हवी आहे. क्रशरवर अर्धा इंची आणि पाऊण इंची म्हणतात त्यातली. आठ मिलिमीटरपेक्षा बारीक घेतली तर विष्ठा वरच अडकून वाफा तुंबतो. वीसपेक्षा मोठी घेतली तर लहान रोपाची मुळं दगडांच्या मधल्या पोकळीत लोंबकळतात आणि दोन भरण्यांच्या मध्ये सुकतात (पंपाने वाफा पाण्याने भरतो, सायफनच्या पाइपातून आपोआप रिकामा होतो, आणि हे सतत चालू राहतं). पण सरासरी आकारापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एका आकाराच्या खडीत साधारण ४० टक्के जागा मोकळी असते आणि तिथूनच पाणी आणि हवा खेळते. डब्यात लिंबं भरून वर मोहरी ओतली की मोहरी सगळ्या फटी भरून टाकते, तसं मिश्र खडीत होतं. क्रशरवाले काँक्रिटसाठी मुद्दाम मिश्र माल देतात, कारण काँक्रिटला फटी नकोच असतात. आपल्याला उलट हवं असतं. म्हणून "बांधकामाची नको, एकाच जाळीवरची द्या" असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तर स्वतः जाऊन पट्ट्यावरून पडणारा माल बघा. डांबर मिसळण्याचा प्लांट त्याच आवारात असेल तर त्या बाजूचा ढीग टाळा, डांबराचा किंवा डिझेलचा वास असलेली खडी घेऊ नका. मुरूम मिसळलेला आहे का तेही बघा. तपकिरी-पिवळसर तुकडा नखाने किंवा खिळ्याने ओरखडला तर पीठ निघतं, तो पाण्यात सहा महिन्यांत चिखल होतो.

माल मोजायचा तर ब्रासने मोजतात, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुम्हाला लागणार २४ घनफूट. चाळून-धुऊन थोडी घट येते, म्हणून पाव ब्रासपेक्षा जरा जास्त, ३० घनफूट धरून चला. नदीतले गोटे आणून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नदीतली वाळू-गोटे गौण खनिजात मोडतात, परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. शिवाय नदीच्या गुळगुळीत गोट्यांपेक्षा क्रशरच्या खरखरीत दगडावर जिवाणूंचा थर चांगला धरतो.

चाळण्या-धुण्याबद्दल. आधी कोरडी चाळायची, मग धुवायची. उलट केलं तर ओली कच दगडाला चिकटून बसते आणि पाणीही दुप्पट लागतं. वाळू चाळायची गवंड्याची तिरकी जाळी चालते, आठ-दहा मिलिमीटर भोकांची मिळाली तर बघा. नाकाला दोन पदरी फडकं नाहीतर मास्क बांधा आणि वारा पाठीमागून येईल असं उभे राहा. खाली पडलेली कच फेकू नका, अंगणातल्या पायवाटेखाली कामाला येते.

धुण्यासाठी तीन घमेली किंवा तीन अर्धे ड्रम ओळीने मांडा. पाणी बोअरचं आहे आणि उन्हाळ्यात ते जपून वापरावं लागतं, म्हणून ही पद्धत. एका भोकांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पंधरा-वीस किलो खडी घ्या, पहिल्या ड्रममध्ये बुडवून जोरात हलवा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्याचं पाणी काळं-राखाडी झालं की ते झाडांच्या आळ्यात ओता. मग दुसऱ्या ड्रममधलं पाणी पहिल्यात घ्या, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात भरा. म्हणजे स्वच्छ पाणी नेहमी सर्वांत स्वच्छ खडीला मिळतं. धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. त्यातली दगडाची पूड मोरीच्या पाइपात बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते.

किती धुवायचं, याला माझी एक खूण आहे. धुतलेल्या खडीतली मूठभर काचेच्या बरणीत टाका, वर पाणी भरा, झाकण लावून वीस-तीस वेळा हलवा आणि लगेच बरणीमागे वर्तमानपत्र धरा. बातमीची बारीक अक्षरं वाचता आली तर झालं. मथळाच तेवढा दिसला तर पुन्हा धुवा. सगळ्या क्रेटची नको, पण दर पाच-सहा क्रेटमागे एकाची ही तपासणी करा. हे काम कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे. पण धुण्यात राहिलेली कच वाफ्याच्या तळाशी जाऊन बसते, तिच्यावर विष्ठा बसते आणि दोन्ही मिळून असा थर होतो ज्याच्यात हवा शिरत नाही. मग कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, सायफन अडकतो, आणि तोवर वर टोमॅटो उभा असतो, त्यामुळे वाफा उपसताही येत नाही. दगडाची पूड माशांच्या कल्ल्यांनाही त्रास देते.

तुम्ही विचारलेल्या बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. नर्सरीतले पांढरे गोटे बहुतेक वेळा संगमरवराचे असतात आणि संगमरवर म्हणजे चुनाच. ग्लासात टाकल्यावर ते कसे फेसाळतात ते एकदा मुद्दाम बघा. पाडलेल्या घराच्या विटांना चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा चिकटलेला असतो, लोणा लागलेला असतो, तो पूर्ण निघत नाही. फ्लाय ॲशच्या विटांत चुना-सिमेंट मुळातच असतं. नव्या, पक्क्या भाजलेल्या लाल विटेचे तुकडे मात्र चांगले. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, आणि तुकडा रात्रभर भिजवून बोटाने चोळल्यावर पाणी गढूळ लाल व्हायला नको. फुटक्या मंगळुरी कौलांचे तुकडेही असेच चालतात, फक्त चपटे तुकडे एकावर एक बसून पाणी अडवतात, म्हणून खडीत थोडे मिसळावेत. जांभा मऊ असतो, झिजून लाल गाळ करतो. बॉयलरची किंवा भट्टीची राख-खंगर अजिबात नको, त्यातून काय पाण्यात उतरेल याचा भरवसा नाही. कोकोपीट रोपं तयार करायला उत्तम, पण वाफ्यात भरलं तर पंप आणि सायफन दोन्ही बंद पाडतं. आणि पुढे कधी गोळ्या घेतल्याच, तर धुऊन चोवीस तास भिजवल्याशिवाय वापरू नका. कोरड्या गोळ्या तरंगतात आणि त्यांची तांबडी पूड पंपात जाते.

गच्चीचं उत्तर आकड्यांत देतो. तुमच्या एका वाफ्यात १२ घनफूट, म्हणजे ३४० लिटर खडी बसते. तिचं वजन ५०० किलोच्या वर, आणि भरल्यावर मधल्या फटींत सव्वाशे-दीडशे लिटर पाणी. एकूण साडेसहाशे किलो, तेही १२ चौरस फुटांत. म्हणजे चौरस मीटरला ५५० किलोच्या वर. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानक, आयएस ८७५, चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरायला सांगतं. गोळ्या वापरल्या तरी पाण्यासकट अडीचशे किलोच्या आसपास होतात, म्हणजे तेही मर्यादेबाहेर, आणि माशांच्या टाकीचं वजन वेगळंच. घराचा आराखडा केलेल्या अभियंत्याने जागा आणि आधार लेखी दाखवल्याशिवाय गच्चीवर असा वाफा करू नका. तिथे हिरवी भाजी हवीच असेल तर पाइपमधून पाण्याची पातळ धार वाहणारी पद्धत वापरा, आणि टाकी खालीच राहू द्या.

वाफा भरताना. ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद मजबूत असतो, पण क्रशरच्या दगडाची धार आणि अर्धा टन वजन एकत्र आलं की तो फाटू शकतो. कागदाखाली गोणपाटाचे दोन पदर घाला. कागदाच्या वर, म्हणजे खडीच्या बाजूला, गोणपाट नको, कुजतं. तिथे धान्याच्या प्लॅस्टिक गोण्या उघडून अंथरा. सिमेंटच्या गोण्या कितीही धुतल्या तरी वापरू नका, चुना तिथून परत येतो. टँक निपल (वाफ्याच्या तळातून पाइप बाहेर काढायचा जोड) आणि बेल सायफन (उभ्या पाइपावर टोपीसारखा पालथा पाइप असलेला सायफन) आधी बसवा, त्याच्याभोवती चार इंची पीव्हीसी पाइपला करवतीने बारीक खाचा पाडून तो उभा करा, खाचा खडीपेक्षा बारीक हव्यात. मगच खडी घमेल्याने हलकेच सोडा, ट्रॉलीतून किंवा पाटीतून उंचावरून ओतू नका. पाइपाच्या आत पुढेही हात घालता आला पाहिजे, कारण मुळं शेवटी तिथे पोचतातच.

खोली ३० सेंटिमीटर धरली आहे तेवढीच ठेवा. त्यातला वरचा चार-पाच सेंटिमीटर थर कायम कोरडा राहील अशी सायफनची उंची लावा. बोटाचं दुसरं पेर खडीत खुपसलं की तिथे ओल लागावी, त्याच्या वर नाही. वरचा थर ओला राहिला तर शेवाळ धरतं, रोपाची मान कुजते आणि डासही होतात. एक गोष्ट उन्हाळ्याची: काळी खडी एप्रिल-मेमध्ये इतकी तापते की कोवळ्या रोपाचं खोड टेकलेल्या जागी भाजतं. वर ५० टक्क्यांचं शेडनेट लावा. तापू नये म्हणून वर पांढऱ्या गोट्यांचा थर टाकायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर बाहेर काढलेला चुना वरून परत येतो. गारगोटीचे पांढरे खडे मिळाले आणि ते व्हिनेगरला फेसाळले नाहीत तर हरकत नाही.

दोन्ही वाफे एकदम भरले तर टाकीतलं २३० लिटरच्या आसपास पाणी वर जातं. माशांना ते जाणवतं, म्हणून दोन वाफ्यांत येणाऱ्या पाण्याच्या धारा कमी-जास्त ठेवा, म्हणजे वाफे बहुतेक वेळा एकदम भरणार नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस मासे न सोडता नुसतं पाणी फिरवा, ते गढूळ झालं तर पूर्ण काढून टाका आणि नवं भरा. त्यानंतर जिवाणू बसायला आपल्या हवेत चार ते सहा आठवडे धरा. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला टप्पा), आणि दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसायला लागला की मासे वाढवा. पालक-पुदिन्यापासून सुरुवात करा, टोमॅटो-वांगी नंतर. रोपाच्या मुळांची माती पूर्ण धुऊनच लावा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाचं चिलेट (पाण्यात विरघळलेलं राहून झाडाला घेता येईल असं लोह) द्यावं लागेल. कृषी सेवा केंद्रात सहसा ईडीटीए प्रकारचं हातात देतात, पण पीएच सातच्या वर असेल तर ते टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं मागून घ्या.

वाफा स्थिरावला, म्हणजे दोनेक महिने झाले, की मूठभर शेणखतातली लाल गांडुळं खडीत सोडा. भरतं-रिकामं होतं अशा वाफ्यात ती छान जगतात आणि अडकलेली विष्ठा खाऊन टाकतात. पीक काढताना जाड बुंधा आणि मुळांचा मोठा गड्डा तेवढा हलवून काढा, बारीक मुळं राहू द्या, गांडुळं संपवतात. पुढे कधी एखाद्या कोपऱ्यात पाणी साचून वास येऊ लागला तर तेवढाच कोपरा उकरा आणि ती खडी टाकीतल्याच पाण्यात खळबळून परत घाला. नगरपालिकेच्या क्लोरीनच्या पाण्याने धुऊ नका, जिवाणू मरतील. दोन्ही वाफे एकाच दिवशी तर मुळीच उकरू नका, एक झाल्यावर दुसऱ्याला किमान महिन्याचं अंतर द्या.